अंतरिम ताबा: खटला चालू असताना मूल कुणाकडे राहणार?

नवरा-बायको वेगळे राहू लागले की पहिल्या आठवड्यातच घरात विषय निघतो, "पोरं कुणाकडं राहणार?" घटस्फोट होईल का, झाला तर कधी, दागिने कुणाचे, ही भांडणं वर्षानुवर्षं चालली तरी जग थांबत नाही. मुलाची शाळा मात्र सोमवारी सकाळी भरते आणि त्याचा डबा कुणीतरी करायचाच असतो. खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत मुलाच्या राहण्याची आणि भेटीगाठींची जी सोय न्यायालय लावून देतं, तिला अंतरिम ताबा म्हणतात.

नावात 'अंतरिम' आहे म्हणून या आदेशाला हलकं समजू नका. मूळ प्रकरण पुराव्याला लागून त्याचा निकाल यायला कैक तारखा जातात. तोवर पहिलीतलं मूल चौथी-पाचवीत पोचलेलं असतं. त्या काळात ते जिथे रुळलं, तेच घर अंतिम निकालाच्या वेळी वजनदार मुद्दा होऊन बसतं, कारण नीट चाललेलं मुलाचं आयुष्य विस्कटायला कुठलाही न्यायाधीश सहजासहजी तयार होत नाही. कोल्हापुरात वकिली करताना अशा प्रकरणांत मी दोन्ही बाजूंनी उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: खरी मेहनत सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत घ्या, आणि ती मुलाचा दिवस न्यायालयापुढे मांडण्यात घ्या. नवऱ्याचं किंवा बायकोचं उणंदुणं काढायला पुढे वेळच वेळ असतो.

अंतरिम अर्ज एकटा चालत नाही, त्याला मूळ प्रकरण लागतं. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली घटस्फोटाचा, न्यायिक फारकतीचा (म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा) किंवा नांदायला येण्याचा अर्ज चालू असेल तर त्यातच कलम २६ खाली मुलाचा ताबा, सांभाळ आणि शिक्षण यांसाठी अंतरिम अर्ज देता येतो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर तशीच तरतूद त्या कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. आणि घटस्फोट मागायचाच नाही, प्रश्न फक्त मुलाचा आहे, असं असेल तर पालक व पाल्य कायदा, १८९० आहे. इंग्रजांच्या काळचा असला तरी तो आजही चालतो आणि सगळ्या धर्मांच्या लोकांना त्याखाली अर्ज करता येतो. त्यात मूळ अर्ज कलम २५ खाली होतो, आणि तो चालू असताना कलम १२ खाली न्यायालय मुलाला हजर करायला सांगू शकतं व तात्पुरता ताबा कुणाकडे द्यायचा ते ठरवू शकतं.

मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईसाठी आणखी एक वाट आहे, आणि बऱ्याचदा तीच आधी धरावी लागते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५, कलम २१. हा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. संरक्षण, राहायची सोय, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. बापाची भेट मुलाला अपायकारक ठरेल असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं तर ते भेट नाकारूही शकतात. मात्र दोन न्यायालयांत दोन प्रकरणं चालू असतील तर एकाची माहिती दुसऱ्याला पहिल्याच दिवशी द्या. ताब्याच्या प्रकरणात सगळा डोलारा विश्वासावर उभा असतो. इकडचा आदेश तिकडे लपवला हे उघड झालं, की मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

अर्ज कोल्हापुरात करायचा की दुसरीकडे, यावरच कित्येक प्रकरणं महिनोन् महिने अडकतात. समजा, जोडपं पुण्यात राहत होतं. बाई मुलीला घेऊन दिवाळीला कोल्हापूरजवळच्या उचगावला माहेरी आली आणि परत गेलीच नाही. पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्या न्यायालयात करावा लागतो. मग मुलगी पुण्याची की कोल्हापूरची? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे की हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, तो पुराव्यावरून ठरतो. मुलीचा इथल्या शाळेत प्रवेश झालाय का, इथे तिचे डॉक्टर कोण, ती किती दिवस इथे आहे, हे बघितलं जातं. सुट्टीपुरतं आणलेलं मूल सुट्टी संपायच्या आत इथलं होत नाही. हिंदू विवाह कायद्यात मात्र २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको स्वतः जिथे राहते तिथे अर्ज करू शकते, त्यामुळे माहेरी आलेल्या बाईला घटस्फोटाच्या अर्जातून कलम २६ चा अंतरिम अर्ज कोल्हापुरातच देता येतो. कौटुंबिक न्यायालयाची हद्द ठरलेली असते. हद्दीबाहेरच्या गावांतली प्रकरणं तिथल्या दिवाणी किंवा जिल्हा न्यायालयात जातात. कायदा तोच लागतो.

आता त्या समजुतीकडे येते, जी मला गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळते: "पाच वर्षांपर्यंत पोरगं आईचं, मग बापाचं." यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, दुसरा साफ चुकीचा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये म्हटलंय की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे राहील. साधारणपणे, म्हणजे त्याला अपवाद असू शकतो, पण तो सिद्ध करायचा बापाने. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गोव्याचं एक प्रकरण आलं होतं. खालच्या न्यायालयाने तान्ह्या वयातल्या मुलाचा अंतरिम ताबा आईला दिला, उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने मूल पुन्हा आईकडे दिलं आणि स्पष्ट केलं की एवढ्या लहान मुलासाठी आई अयोग्य आहे हे दाखवण्याची जबाबदारी बापावर आहे, आपण योग्य आहोत हे आईने सिद्ध करत बसायचं नाही.

पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मूल आपोआप बापाकडे जातं, असं कायद्यात कुठेही नाही. पाचव्या वाढदिवसाला मुलाला न्यायला सासरची माणसं जीप घेऊन माहेरच्या दारात उभी राहतात, त्याला कायद्याचा कसलाही आधार नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचं कल्याण हीच सर्वांत वरची कसोटी सांगितली आहे, आणि ती पाच वर्षांच्या आधीही लागते, नंतरही. बाप नैसर्गिक पालक आहे म्हणून ताबा त्याचाच, हेही चालत नाही. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मान्य केलं की बाप हयात असतानाही, तो मुलाकडे बघत नसेल तर आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. मुस्लिम कुटुंबांत आईच्या हिजानतीच्या, म्हणजे मूल सांभाळण्याच्या, हक्काची वयं शरीयतनुसार वेगळी आहेत, तरीही न्यायालय शेवटी मुलाच्या हिताशीच येऊन थांबतं.

पण हे हित न्यायाधीशाला कळणार कसं? अंतरिम टप्प्यावर साक्षी-उलटतपासणी होत नाही. दोघांची शपथपत्रं, सोबतची कागदपत्रं, समुपदेशकाचं म्हणणं आणि गरज वाटली तर मुलाशी बोलणं, एवढ्यावर प्रथमदर्शनी काय दिसतं ते बघून आदेश होतो. म्हणून शपथपत्र कसं लिहिलंय याला फार महत्त्व आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कच्च्या मसुद्यांची सुरुवात अशी असते (जाबदार म्हणजे समोरचा पक्ष): "जाबदार हा तापट, संशयी व व्यसनी स्वभावाचा असून त्याने अर्जदारास वेळोवेळी शिवीगाळ करून..." अशी चार पानं. पाचव्या पानावर मुलाचं नाव येतं. न्यायाधीश रोज अशी शपथपत्रं वाचतात, आणि त्या चार पानांतून मूल सकाळी किती वाजता उठतं हेसुद्धा त्यांना कळत नाही.

त्याऐवजी हे लिहून बघा. मुलगी दुसरीत आहे. सकाळी साडेसातला रिक्षामामा राजारामपुरीच्या कोपऱ्यावरून तिला नेतो. आईची ड्यूटी दहाची, म्हणून कोपऱ्यापर्यंत सोडायचं काम आई करते आणि दुपारी आजी आणते. मुलीला दमा आहे, थंडीत रात्री पंप द्यावा लागतो, तो कसा द्यायचा हे आईला आणि आजीला येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत. पालकसभेच्या वहीत गेल्या वर्षभर सही कुणाची आहे, त्याची प्रत जोडली आहे. गुरुवारी कथकचा क्लास असतो, तिथे बाबा नेतात आणि तिला ते आवडतं. हे शेवटचं वाक्य लिहायला आयांच्या जिवावर येतं. पण तेच वाक्य सांगून जातं की ही बाई मुलीचा विचार करते आहे. समोरच्याचं जे चांगलं आहे ते शपथेवर कबूल करणाऱ्या पालकाचं बाकीचं म्हणणंही खरं वाटतं.

बापांनीही हेच करावं. "मी कमावतो, बंगला आहे, गाडी आहे" याने फारसं काही सिद्ध होत नाही. आईचा पगार कमी असेल तर पोटगीने ती उणीव भरून निघते, पैशापायी ताबा जात नाही. शिरोलीच्या कारखान्यात पाळीत काम करणाऱ्या बापाने रात्रपाळीच्या आठवड्यात मूल कुणाजवळ झोपेल, हे सांगितलं पाहिजे. त्याच्या आईचं वय, तब्येत, ती खरंच करू शकेल का, हे सांगितलं पाहिजे. नवरा म्हणून वाईट असलेला माणूस बाप म्हणून चांगला असू शकतो, आणि बायकोच्या बाबतीतही तेच. न्यायालयं हा फरक करतात. मूल जिथे आहे तिथे सुखरूप आहे का, भावंडं एकत्र राहतील का, शाळा बदलावी लागेल का, घरात मूल घाबरलेलं असतं का, हे मुद्दे चारित्र्यावरच्या चिखलफेकीपेक्षा कितीतरी जास्त तोलले जातात.

महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. पहिल्या काही तारखांतच तुम्हाला त्यांच्याकडे पाठवलं जातं. लोक तिथे एक तर गप्प बसतात, नाहीतर तेच शपथपत्र तोंडी म्हणून दाखवतात. दोन्हींनी वेळ वाया जातो. तिथे तडजोडीसाठी झालेलं बोलणं गोपनीय ठेवलं जातं. मुलाच्या घरच्या परिस्थितीबद्दल आणि आई-बापांशी असलेल्या नात्याबद्दल मात्र न्यायालय समुपदेशकाचा अहवाल मागवू शकतं. मी तर म्हणेन, अर्ध्याहून जास्त भेटीगाठींचे प्रश्न त्याच खोलीत सुटण्यासारखे असतात, कारण तिथे वकील मध्ये नसतात आणि समोरच्या माणसाला मुलाची आठवण येते हे दिसतं.

थोड्या मोठ्या मुलाशी न्यायाधीश स्वतः आपल्या दालनात बोलतात. समज आलेल्या मुलाची इच्छा विचारात घ्यावी, असं पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. विचारात घ्यायची म्हणजे तीच अंतिम असं मात्र नाही. इथे पालकांचं एक वागणं मला मनापासून दुखावतं. आदल्या रात्री मुलाला बसवून "काय सांगायचं" ते घोकून घेतात. मग आठ वर्षांचं पोरगं आत जाऊन "पप्पा मम्मीचा मानसिक छळ करतात" असं मोठ्या माणसांच्या शब्दांत बोलतं, आणि न्यायाधीशांना क्षणात कळतं की हे शब्द त्याचे नाहीत. दुसऱ्या पालकाविरुद्ध मुलाचं मन पद्धतशीर कलुषित करणं ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात फार गांभीर्याने घेतली होती. त्यात मुलगी जवळपास दोन वर्षांची असल्यापासून बापाकडे होती आणि ती त्याच्याकडे रुळली होती, तरीही ताबा आईकडे दिला गेला. घोकंपट्टीने तारीख जिंकल्यासारखी वाटते. मूल मात्र दोघांपैकी एकाला नाकारल्याचं ओझं घेऊन घरी येतं, त्याचं काय करायचं?

ताबा एकाकडे गेला तरी दुसरा पालक संपत नाही. भेटीचा आदेश हा ताब्याच्या आदेशाइतकाच महत्त्वाचा असतो, आणि बहुतेक भांडणं त्यातल्या ढिसाळ शब्दांमुळे होतात. "अर्जदाराने जाबदारास मुलास भेटू द्यावे" असा मोघम आदेश मागू नका. दर महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, दुपारी चार ते सात, असं लिहा. मूल कुठे द्यायचं-घ्यायचं ते लिहा: नुसतं 'रंकाळा तलावावर' म्हटलं तर एक पदपथावर थांबतो आणि दुसरा चौपाटीच्या दुसऱ्या टोकाला, मग दोघंही "आलाच नाही" म्हणून तक्रार करतात. मूल आणून कोण देणार, आई की मामा, हेही लिहा. दोघांना एकमेकांची तोंडं बघवत नसतील तर आजोबांनी आणून देणं बरं. सुरुवातीला भेट न्यायालयाच्या आवारातच द्यावी असं न्यायाधीश सांगू शकतात. काही महिने सुरळीत गेले की बाहेर, मग रात्रीच्या मुक्कामासह, अशी पुढची पायरी मागता येते. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, वाढदिवस, गावची जत्रा, हे आधीच ठरवून घ्या. आजी-आजोबांची नावं त्यात घाला, नाहीतर ती बिचारी दोन्हीकडून तुटतात. दूर राहणाऱ्या पालकाने फोन आणि व्हिडिओ कॉलवर ठरलेल्या वेळी बोलणं हा मुलाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला जिल्ह्याबाहेर किंवा परदेशी नेऊ नये, पासपोर्ट कुणाकडे राहील, ही अट गरजेप्रमाणे घालून घ्या.

पोटगी आणि भेट यांचा सौदा करू नका. "पैसे देत नाही तर पोराला भेटू देणार नाही", "भेटू देत नाही तर पैसे बंद", ही दोन्ही वाक्यं न्यायालयात टिकत नाहीत. पैसे थकले तर वसुलीसाठी वेगळा अर्ज आहे, भेट अडवली तर आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त आहे, अवमानाची कारवाई आहे. खर्चाच्या अर्जात २०२० पासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. मुलाच्या सांभाळाचा व शिक्षणाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्येच म्हटलंय. ताब्याला अशी मुदत नाही, म्हणून ताब्याचा अर्ज दाखल करताना निदान भेटीचा तातडीचा आदेश तरी आधी मागावा. महिना-दोन महिने मुलाला अजिबात न भेटलेला पालक पुढे परका वाटू लागतो.

मूल परस्पर नेलं तर? रागाच्या भरात लोक आधी पोलीस ठाणं गाठतात, अपहरणाची फिर्याद द्यायला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये सांगितलं की मनाई करणारा न्यायालयाचा आदेश नसेल, तर बापाने स्वतःचं मूल नेणं हे अपहरण ठरत नाही. तेव्हा पोलीस ठाण्यात दिवस घालवण्यापेक्षा त्याच दिवशी वकिलाकडे जा आणि अंतरिम अर्ज तयार करा. मूल बेकायदा अडकवून ठेवलंय अशी खरोखर स्थिती असेल तर उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस), म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी, याचिकाही करता येते. आणि हाती आदेश असेल, तर तो मोडून मूल नेणाऱ्याची बाजू पुढच्या प्रत्येक तारखेला कमकुवत होत जाते.

अंतरिम आदेश पटला नाही तर काय? कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९ प्रमाणे अंतरिम आदेशावर अपील नाही, त्यामुळे बहुतेक वेळा उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. पूर्वी त्यासाठी मुंबईच्या फेऱ्या घालाव्या लागायच्या, रात्रीच्या गाडीने जायचं आणि तारीख पडली की परत यायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथे कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालं आहे, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. ताब्याच्या प्रकरणात लहान मूल घेऊन हजर राहावं लागतं, तेव्हा हा फरक किती मोठा आहे हे त्या आईलाच विचारा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या आदेशावर मात्र सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येतं. वर जाण्याआधी एक लक्षात ठेवा: उच्च न्यायालय पुन्हा नव्याने पुरावा तोलत बसत नाही, खालच्या न्यायालयाकडून ठळक चूक झाली आहे का तेवढंच बघतं.

बऱ्याचदा वर जाण्याची गरजही नसते. ताब्याचे आदेश कायमचे दगडावर कोरलेले नसतात, परिस्थिती बदलली की बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून सांगितलं आहे. आईची बदली झाली, बापाने दारू सोडली, मूल सहावीत गेलं आणि त्याला शाळेच्या वसतिगृहात राहायचं आहे, आजी गेली आणि दुपारी घरी कुणी नसतं, यांपैकी काहीही घडलं तरी त्याच न्यायालयात बदलाचा अर्ज देता येतो. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, म्हणून शाळा बदलायचा प्रश्न असेल तर अर्ज मार्चच्या आतच द्या.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्काने मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते, पण ती सहसा मिळते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना आणि मुलांना उत्पन्न किती आहे हे न बघता मोफत वकील मिळतो. कमी उत्पन्न असलेल्या बापालाही तो मिळू शकतो. जाताना लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेची पावती, आधार कार्ड आणि आधीचे काही आदेश असतील तर त्यांच्या प्रती सोबत न्या, आणि वर सांगितला तसा मुलाचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, एका कागदावर लिहून न्या.